गावाचे नाव पुसण्यापूर्वी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर गावाचे नाव लिहावे लागते. मी ते जरा बारीक अक्षरात लिहिले होते. माझ्या गावाचे नाव बोरी. पहिल्याच आठवड्यात शहरातल्या मित्रांनी "काय बे, बोरं आणले काय?" अशी चौकशी सुरू केली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण खेड्यातून नुकत्याच आलेल्या मुलाला अशा वेळी हसावे की रडावे ते कळत नाही. मी हसलो आणि पुढे कोणी गाव विचारले की नुसते तालुक्याचे नाव सांगू लागलो.

वाचकांनी 'बोरी' म्हटल्यावर दारव्हा तालुक्यातील बोरी अरब किंवा केळापूर तालुक्यातील पाटणबोरी डोळ्यांपुढे आणू नये. ती मोठी आणि नावाजलेली गावे. आमची बोरी नाल्याच्या काठची, लहानशी. एस. टी. सकाळी एकदा येते, संध्याकाळी एकदा येते आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असला की येत नाही.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी गावातील तरुण मंडळी एकत्र जमली. गावाचे नाव बदलावे असा त्यांचा विचार होता. कारणे दोन होती. पहिले असे की, या नावाची गावे बरीच असल्यामुळे टपाल आणि पार्सले भलत्याच बोरीला जातात. दुसरे कारण कोणी मोठ्याने सांगितले नाही, पण ते सर्वांना ठाऊक होते. बोरी हे नाव गावंढळ वाटते. त्याऐवजी एखाद्या थोर पुरुषाचे नाव घेऊन पुढे 'नगर' जोडावे किंवा देवीचे नाव घेऊन पुढे 'पूर' जोडावे, म्हणजे पाटीवर बरे दिसेल. ठरावाचा मसुदा लिहायचे काम माझ्याकडे आले. "तू कॉलेजात हायस, तूच लिही," असे सर्वांनी सांगितले. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

रात्री मसुद्याची चांगली प्रत काढत बसलो असता आजीने विचारले, "काय लिवतं रे बाबू एवढ्या रातचं?"

"गावाचं नाव बदलाचा कागद हाय आजी."

"काऊन? गावानं काय चोरी केली?"

मी तिला समजावून सांगितले. लोक हसतात, हेही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हासते त हासू दे. बहात्तरच्या दुस्काळात मी नवी नवरी व्हतो. जवारी पिकली नाई. वाळले बोरं कुटून खाल्ले आमी. बोरीनं जगवलं अन् तिचंच नाव काढून टाकाचं म्हन्तं?"

मी कागद घडी करून ठेवला. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. घरातल्या कोणाला कधी चार ओळींचा अर्जसुद्धा लिहिता आला नाही. आणि लिहिता येऊ लागल्यावर मी गावासाठी पहिला कागद लिहिला, तो गावाचे नाव पुसून टाकण्याचा! हा विचार मनातून जाईना. त्यातूनच या लेखातील बाकीचे विचार सुचले. ते चुकीचे असतील तर जाणकारांनी जरूर सांगावे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा एकदा नीट वाचून पाहावा. बाभूळगाव हे तालुक्याचे गाव, त्यात बाभूळ आहे. कळंब हेही तालुक्याचे गाव. कळंब नावाचे झाड आपल्या रानात ओलीच्या जागी वाढते. आणि येथील चिंतामणीच्या देवळामुळे पुराणांचे जाणकार या नावाचा संबंध कदंबाशी लावतात. उमरखेडमध्ये उंबर दिसतो. करंजीत करंज आहे, खैरीत खैर आहे, हिवरीत हिवर आहे, पिंपळखुटीत पिंपळ आहे. जोडमोहा हे नाव तर एखाद्या चित्रासारखे आहे. मोहाची दोन झाडे जवळजवळ उभी असावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तीच खूण सांगितली असावी. मोहाच्या फुलांवर अर्धा उन्हाळा काढणाऱ्या माणसांना त्याहून महत्त्वाची खूण कोणती असणार?

झाडांनंतर पाणी, दगड आणि माती येतात. झरी-जामणीत झरी आहे. हिवरा संगम या नावात झाड आणि नद्यांची भेट दोन्ही आली. डोंगरखर्डा म्हटले की गावाचा पत्ता निम्मा कळतो. बेंबळा धरण ज्याच्या परिसरात झाले ते खडकसावंगा. सावंगा नावाची गावे पुष्कळ, म्हणून आपल्या पूर्वजांनी यामागे 'खडक' लावला. पांढरकवडा या नावातील 'पांढर' ऐकून जुन्या कागदपत्रांतील काळी आणि पांढरी आठवते. कसायची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. सगळे गाव आपण दोन मातींच्या रंगांत सांगत होतो.

तालुक्याच्या नकाशावर नसलेली नावे याहून अधिक आहेत. त्या रात्रीनंतर मी आजीला आमच्या शिवारातील वावरांची नावे विचारली. तिने बोटांवर मोजत सांगितली: झिऱ्याचं वावर, बरडीचं वावर, चोपनातलं, मोहाखालचं, दोन नाल्यांमधलं. सातबाऱ्यावर यांपैकी एकही नाव नाही. तेथे फक्त क्रमांक आहेत. क्रमांक वाईट नाही, त्याशिवाय मालकी ठरत नाही. पण क्रमांक वाचून जमिनीबद्दल काही कळत नाही. 'बरड' म्हटले की मुरमाड, हलकी जमीन कळते; तेथे कपाशीवर फार पैसा घालू नये. 'चोपण' म्हटले की पावसात चिकट होणारी, पाणी न निचरणारी जमीन कळते. 'झिरा' म्हटले की तेथे पाणी पाझरत होते.

'होते' हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. आजीच्या सांगण्याप्रमाणे झिऱ्याच्या वावरात अखाजीपर्यंत गुरे पाणी पीत. आता होळीच्या आधीच तेथे धूळ उडते. बोरीची झाडे म्हणाल तर धुऱ्याबांधांवर मोजकीच उरली आहेत. काही सरपणाला गेली, काही ट्रॅक्टर फिरायला अडचण नको म्हणून काढली. कोणी विचारील, बोरी नाही, झिरा नाही, मग नाव ठेवून काय करायचे? मला वाटते, नाव ठेवायचे ते याचसाठी. येथे काय होते आणि ते आपल्या हातून गेले, याचा आपल्याजवळ तेवढाच एक पुरावा उरला आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी तो तोंडाने जपला. नाव बदलले की तोही जाईल आणि पुढच्या पिढीला वाटेल की हे वावर पहिल्यापासून असेच कोरडे होते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नाव कानाला जसे लागते तसाच त्याचा अर्थ असतो असे नाही. आपल्या जिल्ह्याचेच नाव घ्या. यवतमाळमध्ये 'माळ' आहे, म्हणजे हे माळरानावरचे गाव, असा माझा समज होता. आमच्या सरांनी गॅझेटियर काढून दाखवले. तेथे 'माळ' हा 'महाल' या शब्दाचा अपभ्रंश म्हटला आहे. महाल म्हणजे परगणा. आइने अकबरीत या परगण्याचे नाव योत-लोहारा असे आले आहे आणि लोहारा हे गाव यवतमाळच्या शेजारी आजही आहे. म्हणजे ज्या नावात मला जमीन दिसत होती त्यात राज्यकारभार निघाला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांच्या व्युत्पत्तीसाठी एवढे कष्ट का घेतले असतील, ते तेव्हा थोडे समजले.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या जिल्ह्यात मराठी ही एकटीच भाषा नाही. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या भागांत गोंड आणि कोलाम बांधव राहतात. कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. गोंडीत गावाला 'नार' म्हणतात आणि पाण्याला 'येर'. आपण मराठी कानांनी ऐकून जी नावे सरकारी पाटीवर लिहिली, त्यांतील काहींच्या खाली या भाषांतील शब्द दडलेले असू शकतील. आपल्या वर्गात पोडावरून आणि गुड्यावरून आलेले विद्यार्थी आहेत. नावाचा अर्थ आपण शब्दकोशात शोधतो. आधी त्यांच्या आजीला विचारला पाहिजे.

भूगोलाच्या सरांशी हा विषय बोललो तेव्हा त्यांनी ग्रंथालयातील जगाचा मोठा नकाशासंग्रह उघडून पूर्व युरोप पुढे ठेवला. तेथील रशियन, पोलिश, झेक, सर्बियन इत्यादी भाषांना स्लाव भाषा म्हणतात. "यात तुझी बोरी शोध," असे ते हसत म्हणाले. आणि खरोखरच सापडली! रशियन भाषेत भूर्जवृक्षाला 'बेर्योझा' म्हणतात. हा शब्द आणि आपला संस्कृत 'भूर्ज' एकाच मूळ शब्दापासून आले, असे भाषाशास्त्र सांगते. त्या झाडावरून बेरेझोव्का नावाची गावे तेथे ठिकठिकाणी आहेत. 'दुब' म्हणजे ओक. समुद्रकाठच्या दुब्रोवनिक शहराचे नाव ओकच्या राईवरून आले असे मानतात. 'लीपा' नावाच्या झाडावरून आजच्या जर्मनीतील लाइपझिग या शहराचे नाव पडले. ड्रेस्डेन म्हणजे दलदलीच्या रानातील लोकांचे ठिकाण. ही दोन्ही शहरे आज जर्मन बोलतात. तेथील स्लाव भाषा शेकडो वर्षांपूर्वी मागे हटली, पण तिने झाडाला आणि दलदलीला दिलेली नावे तशीच राहिली. आपल्याकडच्या गोंडी नावांचा विचार करताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या नकाशातील दोन शहरांची हकीकत तर आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी अशी आहे. माँटेनेग्रो या देशाची राजधानी पोडगोरित्सा. नावाचा अर्थ टेकडीच्या पायथ्याचे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, मार्शल टिटो यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव टिटोग्राड केले. दुसरे शहर पूर्व जर्मनीतील केम्नित्झ. 'कामेन' म्हणजे दगड. त्यावरून केम्नित्झ म्हणजे दगडांचा ओढा. १९५३ मध्ये त्याचे नाव कार्ल मार्क्स यांच्यावरून ठेवण्यात आले. दोन्ही पुरुष आपापल्या परीने मोठे, जगाने मानलेले. पण राजवटी बदलल्या. केम्नित्झने १९९० मध्ये आणि पोडगोरित्साने १९९२ मध्ये आपले जुने नाव परत घेतले. माणूस कितीही मोठा असला तरी त्याच्याबद्दल पुढच्या पिढीचे मत बदलू शकते. टेकडीबद्दल आणि ओढ्याबद्दल मत बदलायचे कारण पडत नाही.

याच भागात लाउझित्स नावाचा प्रदेश आहे. त्या नावातही दलदलच आहे. तेथे सोर्ब नावाचे थोडे स्लाव लोक अजून आपली भाषा बोलतात. जमिनीखाली कोळसा निघाला म्हणून तेथील शंभराहून अधिक वस्त्या गेल्या शतकभरात उठवल्या गेल्या. हॉर्नो हे गाव असेच उठले. पण जेथे ते नव्याने वसले तेथे नाहीशा झालेल्या गावांचे एक संग्रहालय उभारले आहे. कोणते गाव कोठे होते, त्याचे नाव काय होते, हे तेथे जपले जाते.

हे ऐकून मला आपल्या वणी तालुक्याची आठवण झाली. तेथेही जमिनीखाली कोळसा आहे. खाणींची नावे पाहा: पिंपळगाव, कोलारपिंपरी, उकणी, कुंभारखणी. कुंभारखणी म्हणजे, नावावरून तरी, कुंभारांनी माती खणून नेली ती जागा. कुंभाराने हात-दोन हात खोल खणले आणि मडकी केली. आता तेथे कोळशासाठी किती खोल खणतात! पण 'कुंभारखणी' म्हटले की आज आपल्याला माती, मडके किंवा कुंभार आठवत नाही. कोळशाचा ट्रक आठवतो. नाव शिल्लक राहिले तरी ते ऐकणारे आपण उरलो नाही, तर नावाचाही उपयोग नाही. म्हणून केवळ पाटी राखून भागणार नाही. तिच्यामागची हकीकतही लिहून ठेवली पाहिजे.

माझे म्हणणे ऐकून एका वर्गमित्राने रास्त प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सगळीच जुनी नावे जपायची काय? आमच्या वस्तीचे नाव आमच्या जातीवरून होते. पत्ता सांगितला की समोरचा पाण्याचा गिलास मागे घ्यायचा. तेही जपू काय?" त्याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. विचारांती मला वाटते की, त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. जे नाव माणसाला खाली पाहायला लावण्यासाठी दुसऱ्याने दिले, ते बदललेच पाहिजे; त्यात कसला ठेवा आणि कसले काय! परंतु बोरी, बाभूळ, खडक, झरी या नावांनी कोणाचा अपमान केलेला नाही. त्यांची लाज आपल्याला वाटते, ती आपण शहरातून शिकून आलो आहोत. पहिल्या प्रकारचे नाव ठेवणे हा अन्याय आहे. दुसऱ्या प्रकारचे नाव पुसणे हे स्वतःलाच विसरणे आहे. दोन्हींना एकच न्याय लावू नये.

आता टपालाची अडचण. ती खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. माझ्या लहान भावाचे शिष्यवृत्तीचे पत्र दुसऱ्याच बोरीला जाऊन पंधरा दिवसांनी परत आले होते. पण या अडचणीवर उपाय आपल्या वाडवडिलांनी करून ठेवला आहे. सावंगा पुष्कळ झाले तेव्हा त्यांनी खडकसावंगा केले. हिवरा पुष्कळ झाले तेव्हा हिवरा संगम म्हटले. बोरी पुष्कळ झाल्या तेव्हा एकीला पाटण जोडले, दुसरीला अरब. त्यांनी जुने नाव टाकले नाही, त्याला जोड दिली. आमच्या बोरीला आजूबाजूच्या गावांचे लोक आजही 'नाल्याची बोरी' म्हणतात. तेवढेच दोन शब्द कागदावर आणले तर पत्रही पोहोचेल आणि नावही राहील. गावाचे नाव साफ बदलायचे तर ग्रामसभेच्या ठरावापासून राज्य शासनापर्यंत आणि पुढे केंद्राच्या संमतीपर्यंत कागद फिरवावा लागतो. शिवाय प्रत्येकाचे दाखले, सातबारे, बँकेची पुस्तके यांवर जुने नाव राहते ते वेगळेच.

मसुदा मी तरुण मंडळींकडे दिला नाही. त्याऐवजी 'नाल्याची बोरी' असे नाव सुचवणारा दुसरा कागद लिहून नेला. काहींना पटले. काही रागावले. एक जण म्हणाला, "तू शिकून शहरात जाशीन, अन् या नावाखाली आमालेच राहा लागन." हे बोल मला लागले. त्यात खोटे काहीच नाही. ग्रामसभेत विषय पुढे ढकलला गेला आणि अजून तसाच आहे. उद्या गावाने बहुमताने नाव बदलले तर मला ते मानावे लागेल. गाव माझ्या एकट्याचे नाही. परंतु बदलण्यापूर्वी आपण काय पुसत आहोत, ते गावाला माहीत असावे एवढीच माझी इच्छा आहे.

शेवटी आपल्या महाविद्यालयाला एक विनंती. आपली राष्ट्रीय सेवा योजना दरवर्षी एखाद्या खेड्यात सात दिवसांचे शिबिर घेते. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, पथनाट्य करतो. हे सर्व चांगलेच आहे. त्याच सात दिवसांत एक दुपार गावातील म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवावी. गावाचे, वावरांचे, नाल्यांचे, डोहांचे, टेकड्यांचे नाव काय, ते नाव का पडले, तेथे पूर्वी काय होते आणि आज काय आहे, एवढे वहीत लिहून घ्यावे. खर्च एका वहीचा. मराठी आणि भूगोल विभागांनी मिळून ती वही तपासावी आणि दर वर्षी एका गावाची यादी याच वार्षिकांकात छापावी. जिल्ह्याचे तालुके सोळा आहेत; दरसाल एक तालुका धरला तरी सोळा वर्षांत सगळ्या तालुक्यांत आपले पाऊल पडेल. पण ज्यांना ही नावे पाठ आहेत त्यांच्याजवळ सोळा वर्षे आहेत काय? म्हणून सुरुवात याच वर्षी व्हावी.

माझ्यापुरती सुरुवात मी केली आहे. आजीने सांगितलेली आमच्या शिवारातील तेवीस नावे वहीत उतरली आहेत. त्यांपैकी चारांचा अर्थ तिलाही सांगता येत नाही. "माह्या सासूले ठाव व्हतं," असे ती म्हणते.

आणि यंदाच्या प्रवेश अर्जावर गावाचे नाव मी बाकीच्या अक्षरांएवढेच मोठे लिहिले.